दादाची लेबलं

वहिनीचा लॅपटॉप कायमचा गेला असता, तर दादाचा फायदा तिहेरी होता. एक, खिडकीजवळचं टेबल रिकामं झालं असतं. त्याच्यावर त्याचा दोन वर्षांपासून डोळा आहे. दोन, चारचा चहा चारला मिळाला असता. आणि तिसरा फायदा सगळ्यांत मोठा. "मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य त्याला जन्मभर पुरलं असतं. दादा माझा सख्खा भाऊ आहे म्हणून सांगते. परक्याबद्दल इतक्या खात्रीने बोलले नसते.

वहिनी पुस्तकांच्या सूची करते. पुस्तकाच्या शेवटी कोणतं नाव कोणत्या पानावर, अशी बारीक अक्षरातली पानं असतात ना, जी कुणी वाचत नाही आणि नसली की सगळे बोंबलतात, ती. या वेळचं पुस्तक पक्ष्यांवरचं होतं, सव्वाचारशे पानांचं. सूची संध्याकाळी पाचच्या आत छापखान्यात पाहिजे होती. नाही पोचली तर पुस्तक तसंच छापणार आणि पुढची तीन पुस्तकं दुसऱ्या कुणाला देणार, असं संपादकबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. वहिनीच्या पेनड्राइव्हवर प्रत होती, पण ती 'म'पर्यंत. 'य'पासून पुढचं सगळं लॅपटॉपच्या पोटात.

आणि सकाळी साडेदहाला, वहिनी 'सुतार पक्षी'वर असताना, तो विझला.

वहिनी हातपाय गाळणारी बाई नव्हे. तिने सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावला; लॅम्प लागला. चार्जरवरचा हिरवा दिवाही लागलेला होता. लॅपटॉप उलटा करून, खटके सरकवून बॅटरी काढली, बटण मोजून तीस सेकंद दाबून धरलं, मग बॅटरीशिवाय नुसत्या चार्जरवर चालवून पाहिला. ढिम्म. पंखा नाही, दिवा नाही, हूं की चूं नाही.

"अगं, अकरा वर्षांचं डबडं ते," दादा खुर्चीतून म्हणाला. "रात्रंदिवस राबवतेस. मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, आत्ताआत्तापर्यंत चांगला चालत होता."

"सगळे आत्ताआत्तापर्यंत चांगलेच असतात."

इथे दादाची ओळख करून द्यायला हवी. कारखान्याचं स्टोअर एकतीस वर्षं सांभाळून तो निवृत्त झाला, पण स्टोअर काही त्याच्यातून निवृत्त झालं नाही. आदल्या संध्याकाळीच त्याने घरातल्या वायरींचा ड्रॉवर उपसला होता. प्रत्येक चार्जर पुसला, वायरींची वेटोळी केली आणि एकेकावर आपल्या वळणदार अक्षरात लेबल चिकटवलं: राउटर, लॅपटॉप, पायाचं मशीन. "एकतीस वर्षांत माझ्या स्टोअरात एक वस्तू चुकली नाही," असं तो वर म्हणाला. एक वस्तू वेळेवर मिळालीही नाही, असं तिथल्या फिटरने मला सांगितलंय. पण ते असो.

मी आणि वहिनी लॅपटॉप घेऊन डॉक्टरकडे गेलो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि आता तर त्यालाही ते खरं वाटतं. दोन तास बाकावर बसवल्यावर त्याने आमचाच चार्जर लावला, बटण दोनदा दाबलं आणि मान हलवली.

"बोर्ड गेला, ताई."

"न उघडताच कळलं?"

"वय काय याचं?"

"अकरा."

"मग उघडून काय बघायचं?"

"निदान दुसरा चार्जर तरी लावून बघा," वहिनी म्हणाली.

"दिवा लागलाय की! चार्जरला काय धाड भरलीय? हा नवा बघा. आज घेतलात तर बॅग फुकट."

"आणि माझी सूची? तीही बॅगेत घालून देणार का?"

त्यावर तो हसला, आणि बटण दोनदा दाबल्याची तपासणी फी घेतली. दुकानात दहा चार्जर लोंबकळत होते. त्यातला एक खाली ओढायला हात नुसता वर करावा लागला असता. पण हात वर केला असता तर नवा लॅपटॉप कसा खपला असता?

घरी आलो तेव्हा सव्वातीन वाजले होते. दादा पाय दाबायच्या मशीनमध्ये पाय घालून बसला होता. हे मशीन एरवी मांजरासारखं गुरगुरायचं. आज ते गिरणीसारखं घरघरत होतं आणि दादाच्या पायांसकट सतरंजीच्या कडेपर्यंत सरकलं होतं.

"मग? गेला ना?" दादा त्या आवाजावर ओरडला.

वहिनी मशीनकडे बघत राहिली.

"अहो, हे इतकं कधीपासून उधळतंय?"

"कालपासून! लेबलं लावली, वायरी सरळ केल्या, बघ कसं तरुण झालं! वस्तूला शिस्त लागते."

वहिनी खाली वाकली आणि तिने मशीनची पिन उपटली. दोन्ही चार्जर शेजारी ठेवले. दादाने लेबलं नेमकी बारीक छपाईवर चिकटवली होती, कारण सपाट जागा तेवढीच. तिने नखाने 'पायाचं मशीन' सोललं. खाली साडेएकोणीस व्होल्ट. 'लॅपटॉप' सोललं. खाली बारा. मग लॅपटॉप उलटा करून त्याच्या पोटावरचा आकडा मला वाचायला लावला. साडेएकोणीस.

म्हणजे बिचारा सकाळभर उरल्यासुरल्या बॅटरीवर राबला आणि उपाशी पडला. इकडे दादाचे पाय त्याच्या वाटणीचं खात होते.

खरा चार्जर लागला, बटण दाबलं आणि पंखा घुमला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनीच्या नाही; तिने 'सुतार पक्षी' काढला आणि कामाला लागली.

"पिन दोन्हीला बसते," दादा म्हणाला. "बनवणाऱ्यांनीच वेगळी ठेवायला नको? मी काय करणार?"

"वाचायचं," वहिनी मान वर न करता म्हणाली. "लेबल लावायच्या आधी."

"लेबलं नसती, तर आज तुला सापडलं असतं का?"

एवढा संताप मला आयुष्यात आला नाही. ज्याने घर पेटवलं, तोच विचारतोय की उजेड कसा पडला!

चार बावन्नला सूची गेली. फेरतपासणी न करता. वहिनीने आजवर एकही सूची दुसऱ्यांदा पडताळल्याशिवाय पाठवलेली नाही. त्या पडताळणीचे तीन तास बाकावर आणि रस्त्यात गेले होते. महिन्याने पुस्तक आलं. तिने उघडून थेट शेवट गाठला, बोट फिरवत खाली आली आणि थांबली. 'हंस', पान २१४. हंस २४१वर आहे. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिने स्वतः संपादकबाईंना कळवलं. पुढच्या तीनपैकी दोन पुस्तकं तिला मिळाली; तिसरं दुसऱ्या कुणाकडे गेलं.

तेव्हा हिशेब असा. डॉक्टरने घेतलं, दिलं काहीच नाही. पायाचं मशीन आपल्या बारा व्होल्टवर पुन्हा चालूच झालं नाही. त्याने जीव दिला. दादाची दोन लेबलं वाया गेली, ती त्याने त्याच संध्याकाळी नवी लिहिली. तिसऱ्या पुस्तकाचा भुर्दंड वहिनीने भरला. हंसाचाही.