पाठीला पाठ

स्वरूपा शाळेच्या फाटकाशी आली की ओकायची. रोज. आत पाऊल टाकायचं म्हटलं की पोरीचा चेहरा पांढराफटक पडायचा, कपाळावर घाम यायचा आणि खाल्लेलं सगळं भिंतीच्या कडेला पडायचं. सहावीतली पोर, हौसेनं पुढच्या बाकावर बसणारी. मास्तरांचा धाक म्हणावा तर तसं काही नाही, मैत्रिणींशी भांडण म्हणावं तर तेही नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर हे खूळ सुरू झालं आणि थांबायचं नाव घेईना.

तिच्या आईनं, रेश्मानं, काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. निमगावच्या डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं, इंदापूरच्यानं रक्त काढलं, बारामतीच्यानं सोनोग्राफी केली. काही निघत नाही म्हणून सगळ्यांनी सांगितलं आणि गोळ्या मात्र भरभरून लिहून दिल्या. सासूनं, कुशाबाईनं, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. नवरा गोकुळ साखर कारखान्यात पाळीवर जायचा आणि घरी आला की आडवा व्हायचा. तो म्हणाला, "लाडावून ठिवलीय तू तिला." झालं, एवढं बोललं की त्याचं बाप म्हणून काम संपलं.

शेवटी हेडमास्तरांनी रेश्माला बोलावून घेतलं. पोरीला यंदा घरीच ठेवा, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. घरी बसलेली पोर पुढच्या वर्षी शाळेत जात नसते. ती भाकरी थापायला शिकते, धुणं-भांडी करते आणि मग घरात हळूच स्थळांच्या गोष्टी निघायला लागतात. हे रेश्माला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तिचंच तसं झालं होतं.

वर्गाच्या वैदेही मॅडम तिच्या मागोमाग व्हरांड्यात आल्या. "रेश्माताई, डॉक्टरांना सापडलं नाही म्हणजे पोरगी सोंग करते असं नाही. मनावर ताण आहे तिच्या. रोज सकाळी दोघी मिळून श्वासाचं करा. आणि शनिवारी दप्तराविना शाळा असते, योगाला पालकांनाही बोलावलंय. या तुम्ही." त्यांनी उभ्या उभ्या करून दाखवलं, श्वास कसा घ्यायचा, कसा सोडायचा.

आता रेश्मानं योग केला कसा, ते ऐका. सगळी कामं करायची तसाच केला, दात-ओठ खाऊन. चटईवर पोरीला बसवायची, मोबाईलवर व्हिडिओ लावायची आणि स्वतः एक डोळा दुधावर, एक डोळा तव्यावर ठेवून ओरडायची, "हळू घे म्हटलं ना श्वास. खांदे सैल सोड. सोड म्हणते ना, कळत न्हाय का?" असं कुणी खेकसल्यावर कुणाचे खांदे सैल पडतील, तुम्हीच सांगा.

पोरगी टक्क डोळे उघडे ठेवून तिच्याकडंच बघत बसायची.

"डोळे मिट की गं."

"मिटले की तू दिसत न्हाईस."

रेश्माला वाटलं, उलट बोलते. तिनं एक ठेवून दिली. मग दिवसभर ताकाला, पिठाला, गोठ्यात, जिथं हात घालेल तिथं ती त्या एका चापटीपायी जळत राहिली. पण बसली नाही. बसणं तिला जमतच नव्हतं.

शनिवार आला. दोघी चालत शाळेत गेल्या. फाटक आलं, रेश्मानं पदराचा बोळा तयार ठेवला होता, आणि पोर काही न होता आत गेली. ओकली नाही, घाम नाही. रेश्माला उभ्या जागी हुंदका फुटायचा राहिला. आला म्हणायचा गुण. आपल्या खेकसण्यालासुद्धा गुण आला. आई सोबत आहे म्हणून पोर आत गेली, एवढं साधं त्या बाईच्या डोक्यात आलं नाही.

मोठ्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. चार-दोन आया होत्या, नातवाबरोबर आलेले रामहरी आबा होते. आबा हौसेनं वज्रासनात बसले आणि त्यांना उठवायला माणसं लागली. पोरं खिदळली, स्वरूपाही हसली. मग मॅडम म्हणाल्या, "आता आपल्या मुलाच्या पाठीला पाठ लावून बसा. डोळे मिटा. बोलायचं नाही. फक्त एकमेकांचा श्वास पाठीला जाणवतोय का बघा."

रेश्मा बसली. कितीतरी महिन्यांनी ती अशी हातात काही नसताना, कुणाला हाक न मारता बसली होती. आणि डोळे मिटल्याबरोबर ते आलं, ज्याच्यापासून ती वर्षभर पळत होती.

सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. तोंडही बघू दिलं नाही कुणी. गोकुळ आणि त्याचे चुलते कपड्यात गुंडाळून घेऊन गेले. कुशाबाई म्हणाली, देवाचं देवानं नेलं, आता ऊठ, शेरडांना पाला टाक. रेश्मा उठली आणि पाला टाकला. घरात पुन्हा कुणी त्याचं नाव काढलं नाही. दिवाळीनंतर एका दुपारी घरात कुणी नव्हतं, तेव्हा ती मळ्यातल्या विहिरीवर गेली. चपला काढून काठावर ठेवल्या. किती वेळ उभी होती, तिचं तिला माहीत नाही. मागं वळली तर बांधावर स्वरूपा, पाठीला दप्तर. शाळा लवकर सुटली होती.

"काय करतीस मम्मे?"

"मोटर बघतीय."

तिनं चपला घातल्या, घरी येऊन चहा टाकला. पोरीनं पुन्हा काही विचारलं नाही. कुणाला काही कळलं नाही असं धरून रेश्मा चालली होती.

आता पाठीला पाठ लागली होती आणि तिचा श्वास कुठंच्या कुठं धावत होता. अडखळत होता, मध्येच थांबत होता. मागं पोरीची इवलीशी पाठ मात्र हळूहळू वर-खाली होत होती, मुद्दाम, सावकाश. मग हळू आवाज आला, "मम्मे, माझ्यासारखा घे. घाई न्हाय करायची."

औषध कुणाला चाललं होतं आणि कोण देत होतं?

"सोनुले," ती कुजबुजली, "शाळेला का भ्येतीस गं?"

"शाळेला न्हाय भ्येत. आजी रानात असती, मी हितं आले की तू घरी एकटी असतीस."

पोरगी आईच्या पाठीला आणखी रेलली.

"परत जाशील हिरीवर?"

न्हाय गं बाई, असं म्हणायला रेश्माची जीभ उचललीसुद्धा होती. घरी असती तर पाठ फिरवून, भांडं आपटून म्हणूनही टाकलं असतं. पण इथं पाठीला पाठ होती. छातीत अडकलेला श्वास शब्दाच्या आधी पोरीला कळला असता.

"मला ठाव न्हाय," ती म्हणाली.

पोरीची पाठ थरथरायला लागली. तशी रेश्मा उठली, तिला हाताला धरून व्हरांड्यात आली आणि गोकुळला फोन लावला. पलीकडं कारखान्याची घरघर होती.

"वकली का परत?" त्यानं विचारलं.

"ती बरी हाय. मला बरं न्हाय. तुमी या."

"पाळी सुटूंदे की. काय हुतंय?"

"मला घरात एकटीला ठिवू नका," रेश्मा म्हणाली. "दिवाळीनंतर हिरीवर गेले हुते मी. मोटर बघाया न्हाय. पोरीनं बघितलंय. तवापास्नं ती मला राखतीया."

गोकुळ घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला, "पोरीकडं दे फोन. तिला सांगतो, मी येस्तवर तुझा हात सोडू नको म्हणून."

"न्हाय," रेश्मा म्हणाली. "तिला आता काय बी सांगायचं न्हाय. तुमी या."

वैदेही मॅडम दारात आल्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. काही न विचारता त्या रेश्माशेजारी पायरीवर बसल्या.

"जा," रेश्मानं लेकीच्या हातातून आपला हात सोडवला. "आत जाऊन बस जा. मॅडम हायेत माझ्याजवळ. पप्पा यायला लागल्यात."

स्वरूपा जाईना. तिनं मॅडमकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, पुन्हा मॅडमकडं पाहिलं. मॅडमनी रेश्माचा हात आपल्या हातात घट्ट धरून तिला दाखवला, तेव्हा कुठं ती वळली. दारात थांबून तिनं परत मागं बघितलं. मग आत गेली.

ती दिसेनाशी झाली तेव्हा रेश्मानं त्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि आपल्या न पाहिलेल्या बाळासाठी ती रडायला लागली.