शुभदाला ऐकू येईल असा स्पीकर

सदतीस वर्षं मी विमानांचे सुटे भाग हलवून, तापवून, पाण्यात बुडवून बघण्याची सरकारी नोकरी केली. त्यामुळे कुणी नुसतं 'वॉटरप्रूफ' म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. इंदिरानगरातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी बादली मागितली तेव्हा मालक मंजुनाथ माझ्याकडे बघतच राहिला. मग शांतपणे म्हणाला, "सर, पहले बिल, फिर बादली." माणूस शहाणा होता.

स्पीकर हवा होता माझ्या बायकोसाठी. गुडघ्याच्या डॉक्टरांनी शुभदाला बजावलं होतं, पाण्यात व्यायाम करा, नाहीतर ऑपरेशनची तयारी ठेवा. म्हणून ती क्लबच्या तलावात जायची. तिथे दहा-बारा ज्येष्ठ मंडळी गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहतात, अनुषा नावाची शिक्षिका फोनवर गाणं लावते आणि सगळ्यांनी ठेक्यावर पाय उचलायचे. पण शुभदाची कानातली यंत्रं पाण्यात चालत नाहीत, ती डबीत ठेवून उतरावं लागतं. दुसऱ्यांचं बघून करावं, तर पाय पाण्याखाली आणि वर नुसती डोकी. एकदा सगळे डावीकडे वळले आणि ही उजवीकडे. कोपर थेट शेजारच्या श्रीवत्स रावांच्या बरगडीत. सगळे हसले, हीसुद्धा हसली. त्यानंतर पंधरा दिवस तिला रोज नवीन सर्दी होत होती. जिना चढताना ती कठड्याला धरून थांबायची आणि मला भीती वाटायची. ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसण्याचं धैर्य माझ्यात नाही, हे मी कबूल करून टाकतो.

मी तिचा कानाच्या तपासणीचा कागद काढला. बारीक, चढे आवाज तिला जवळजवळ बंद, पण जाड, खालचे आवाज थोडे शिल्लक. म्हणजे ढोलाचा ठोका पोचायला हवा. पंचाईत अशी की तलावाच्या शिडीला अडकवायचा तर स्पीकर छोटा हवा, आणि छोट्या स्पीकरला खालचा आवाज जमत नाही. तरी एखाद्याला जमत असेलच. कुतूहल वाटलं की मला राहवत नाही.

मंजुनाथने चार मांडले. शुभदाला मी पाच पावलांवर स्टुलावर बसवलं, माझ्याकडे पाठ करून, यंत्रं काढून. ठेका सुरू झाला की तिने बोट वर करायचं, थांबला की खाली. पहिला स्पीकर, दहापैकी दहा. दुसरा, दहापैकी दहा. तिसरा लाडवाएवढा, त्यालाही दहा.

मंजुनाथ खूश झाला. मला मात्र चैन पडेना. आमच्या खात्यात असे निकाल आले की आम्ही यंत्र सोडून चाचणीच तपासायला घ्यायचो. चौथा स्पीकर हातात घेतला, गाणं लावलंच नाही आणि मनातल्या मनात ठेका धरला.

शुभदाचं बोट वर गेलं.

मी थांबलो. बोट खाली आलं. तेव्हा कुठे मी समोर पाहिलं. तिच्यासमोरच्या भिंतीवर भलामोठा बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या काचेत मी आख्खा दिसत होतो.

मी तिच्या पुढ्यात गेलो आणि खुणेने यंत्रं घालायला सांगितली. "शुभदा, गाणं बंद होतं."

"हो का?" ती ओशाळली. "अहो, ठेका लागला की तुमची मान हलते. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं.

"खरं किती ऐकू आलं?"

"पहिल्याचं जरासं घुमल्यासारखं वाटलं. बाकी काही नाही. तुम्ही एवढ्या आशेने लावत होतात, म्हटलं एखादा तरी पास होऊ दे."

माझ्या मनात भलतंच आलं. "सकाळी चहाबरोबर मी पेपर वाचून दाखवतो, तेव्हा कानात यंत्रं असतात तुझ्या?"

"नसतात."

"मग?"

"तुमच्या भुवया बघते. त्या वर गेल्या की मी म्हणते, कठीण आहे."

तीन वर्षं मी या बाईला अग्रलेख वाचून दाखवतोय. तिचं मत माझ्याशी इतकं कसं जुळतं, याचं मला कोण कौतुक वाटायचं. राग यायला हवा होता. आलं ते हसू. तीन वर्षं माझ्याकडे एवढं निरखून दुसरं कुणी पाहिलं नसेल.

"चला, राहू दे," ती उठत म्हणाली. उठतानाही तिने स्टूल घट्ट धरलं होतं.

"थांब. तलावात उभी असताना काठावरचा माणूस दिसतो तुला?"

"दिसतो की. लांबचं मला चष्म्याशिवाय चांगलं दिसतं."

"त्याची मान?"

तिच्या लक्षात आलं. "ईशानच्या वरातीतसुद्धा तुम्ही हाताची घडी सोडली नव्हती. स्वतःच्या मुलाच्या. आणि तिथे काठावर सगळ्यांसमोर, आठवड्यातून तीनदा मान हलवणार?"

"मी काही करणार नाही. मान आपोआप हलते, आत्ता तूच म्हणालीस."

ती हसली आणि परत स्टुलाकडे वळली.

"मॅडम के लिए कौनसा फायनल, सर?" मंजुनाथने विचारलं.

"मॅडम बैठेगी नहीं," मी म्हणालो, "मैं बैठेगा."

मग स्टुलावर मी बसलो, टीव्हीकडे पाठ करून, डोळे मिटून. शुभदाने चारही स्पीकर एकेक करून लावले आणि मला सगळ्यात स्पष्ट ऐकू आला तो आम्ही घेतला.