नऊ पायऱ्यांचा संडास

"मावशी, चेहरा जरा त्रासलेला ठेवा ना. गुडघे दुखतायत असा."

"गुडघे खरंच दुखतात रे. आणखी वेगळं काय दाखवू?"

"मग तेच चेहऱ्यावर दिसू दे. हां. टमरेल उजव्या हातात. आता पहिली पायरी... मावशी, चौकोनावर पाय नको! उद्या तिथे रांगोळी असणार आहे."

वनमालाबाई पालवांनी उचललेला पाय तसाच हवेत धरला आणि खाली पाहिलं. सुबोधने खरोखरच खडूने चौकोन आखला होता. संडासापुढे रांगोळी काढायची कल्पना नेमकी कोणाची, हे ट्रस्टमध्ये कोणीच कबूल करत नव्हतं. दाराला झेंडूचं तोरणही येणार होतं. सत्यनारायण घालायचा तेवढा बाकी होता.

विक्रोळीत जुन्या कारखान्यांच्या मागे, खारफुटीच्या अलीकडे ट्रस्टचं दुमजली ऑफिस होतं. त्याच्या अंगणात गेल्या पंधरवड्यात हा संडास उभा राहिला होता. विटा खऱ्या, लाद्या खऱ्या, निळं दार खरं, फक्त खाली खड्डा नव्हता आणि नळाला पाणी नव्हतं. पाच फूट उंच चौथऱ्यावर तो बसला होता आणि वर जायला नऊ पायऱ्या होत्या.

हा नमुना होता. असे बेचाळीस संडास कुडाळकडच्या एका नदीकाठच्या वाडीत बांधायचे होते. पूर्वी त्या वाडीत पूर ही म्हाताऱ्यांनी नातवंडांना सांगायची गोष्ट होती. आता महिन्याभराचा पाऊस दोन दिवसांत पडायचा आणि नदी दर वर्षी, कधी वर्षातून दोनदा, लोकांच्या दारात यायची. जमिनीलगत बांधलेले आधीचे संडास चिखलाने भरून गेले होते. खर्च करणारी कंपनी वांद्र्याची. तिथल्या अधिकाऱ्यांना बघितल्याशिवाय सही करायची नव्हती आणि कुडाळपर्यंत जायला सवड नव्हती, म्हणून संडासच विक्रोळीला आला.

त्या सोहळ्यात वनमालाबाईंना काम मिळालं होतं 'ज्येष्ठ महिला लाभार्थी'चं. एरवी त्या ऑफिसात शिपाई. सव्वीस वर्षं झाली. कोणाला बिनसाखरेचा चहा, कोणाला दूध वेगळं, कोणाचं कोणाशी बिनसलंय म्हणून कप कोणत्या टेबलावर आधी ठेवायचा, हे सगळं त्यांना पाठ होतं. वय सत्तावन्न, गुडघे आधीच गेलेले, नऊवारी नसली तरी चापूनचोपून साडी. सुबोधच्या मते यापेक्षा योग्य लाभार्थी साऱ्या विक्रोळीत सापडली नसती.

सुबोध ट्रस्टचा इंजिनियर. मुलगा गुणाचा, आणि हा संडास त्याने स्वतः, मनापासून काढलेला. पायऱ्या चढायच्या, आत जायचं, दार लावायचं, उघडायचं आणि बाहेर येऊन म्हणायचं, "आता मला सन्मानाने जगता येईल," अशी त्याने वनमालाबाईंना तालीम दिली होती.

"हे वाक्य नको रे," त्या म्हणाल्या. "संडासातून बाहेर आल्यावर एवढं कोण बोलतं? माणूस हात धुतो."

"फक्त उद्यापुरतं, मावशी. प्लीज."

"आणि तुला सांगितलं ना मी, यादीत सतरा नंबरला आहे ती जानकी पालव माझी सख्खी जाऊ आहे."

"अरे हो! मग तर तुम्ही अजून मनापासून कराल."

वनमालाबाई चहा टाकायला आत गेल्या.

संध्याकाळी पार्कसाइटच्या चाळीतल्या आपल्या खोलीत ताट वाढून घेतल्यावर त्यांनी गावाला फोन लावला. जानकीवहिनी एकाहत्तर वर्षांच्या. दीर गेल्यापासून घरात एकट्या.

"वयनी, तुमच्याकडे नवो संडास येतलो. मी बघितलंय. उंच, पाच फूट. नऊ पायऱ्यो."

"नऊ? देवळाक पाच आसत गे."

"पण पाणी वर येवचा नाय."

"पाणी येवचा नाय, पण वाडो बघतलो मां? तोंड खंयच्या बाजूक?"

"रस्त्याच्या." ते सुबोधने मुद्दाम तसं काढलं होतं. तपासणीला येणाऱ्याला रस्त्यावरूनच फोटो घेता यावा म्हणून.



"बांधा तर," जानकीवहिनी म्हणाल्या. "पावसाची लाकडां ठेवूक बरो होतलो. माका त्या माचयेर चढान जाऊक जमाचा नाय. समोर बाळाचो चायचो ठेलो. सगळे म्हणतले, बघा, जानकी चल्ली."

"वयनी, तुमी जेवलास?" वनमालाबाईंनी विषय बदलला.

"आता जेवतंय. पावसात मातर एकच टायम. गेलो पाऊस सगळो तसोच काढलंय. रात्री जेवलंय तर पहाटे जाऊक व्हया, आणि जातलंय खंय? सगळीकडे पाणी."

वनमालाबाईंचा घास हातातच राहिला. वर्षानुवर्षं त्या फोनवर हेच विचारत आल्या होत्या, जेवलास? आणि वहिनी दर वेळी म्हणायच्या, होय गे. चार महिने बाई अर्धपोटी राहते आणि आपल्याला पत्ता नाही, याचा त्यांना भयंकर राग आला. कोणाचा, ते त्यांना सांगता आलं नसतं. बहुतेक स्वतःचाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सुबोधला गाठलं. तो तोरण सरळ करत होता.

"सुबोध, दार रस्त्याकडे नको रे. बायका चढणार नाहीत."

"मावशी, गावात मीटिंग घेतली होती. ड्रॉइंग दाखवलं. एकही बाई काही बोलली नाही."

"कुठे बसल्या होत्या बायका?"

"मागे. पदर घेऊन."

"आणि पुढे?"

"पुढे सरपंच, पुरुषमंडळी..." सुबोध घाईत होता. "मावशी, आज नको ना यार. आज सही झाली नाही तर पावसाआधी एक वीट लागणार नाही. माझी वाट लागेल."

हे खरं होतं. आता नाही बांधले तर वहिनींचा आणखी एक पावसाळा अर्धपोटी जाणार. आणि असेच बांधले तर पुढचे सगळेच. वनमालाबाईंनी टमरेल घासून लख्ख केलं.

अकरा वाजता कंपनीच्या माधुरी मॅडम आल्या, सही त्यांचीच हवी होती. बरोबर कंपनीची आणखी चार माणसं. ट्रस्टचा सगळा स्टाफ अंगणात गोळा झालेला, शेजारच्या कारखान्याच्या भिंतीवर सुट्टीतले सात-आठ कामगार चढून बसलेले, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सुबोधने पूर, पाणीपातळी, चौथऱ्याची उंची हे सगळं झकास समजावून सांगितलं. मग त्याने हात केला. "आणि आता आपल्या ज्येष्ठ लाभार्थी!"

टाळ्या पडल्या. वनमालाबाई टमरेल घेऊन निघाल्या. रांगोळी चुकवली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांचं डोकं सगळ्यांच्या डोक्यांवर गेलं, आणि त्यांनी एकदा वळून पाहिलं. तीसएक माणसं मान वर करून त्यांच्याकडे बघत होती. चाळीतल्या लायनीत चाळीस वर्षं पदराखाली लपवलेलं टमरेल आज उघड्यावर होतं, आणि त्याचं व्हिडिओ शूटिंग चाललं होतं.

"मावशी, चढा," सुबोध ओठ न हलवता म्हणाला.

वनमालाबाई खाली उतरल्या.

"गुडघे का?" माधुरी मॅडमनी काळजीने विचारलं.

"गुडघे नाहीत, मॅडम. लाज वाटते."

"अहो, पण आम्ही फक्त बघतोय."

"तेच तर सांगते."

भिंतीवरचे कामगार खिदळले. सुबोधचा चेहरा पांढराफटक पडला. वनमालाबाईंना त्याची दया आली, पण जानकीवहिनींची जास्त. त्यांनी टमरेल त्याच्यापुढे धरलं. "तू जा बघू एकदा. तरुण आहेस."

"मी? बरं, त्यात काय!" सुबोधने टमरेल घेतलं आणि ताडताड चार पायऱ्या चढला. पाचवीवर त्याचा वेग कमी झाला. सातवीवर, कोणी काही सांगितलं नसताना, त्याने टमरेल हळूच पाठीमागे लपवलं. पण पाठीमागेच तर सगळे उभे होते. मग त्याने ते पोटाशी घेतलं. ते पाहून जी हास्याची लाट उठली ती कारखान्याच्या पलीकडे गेली असावी. सुबोध दाराला हात लावून परत फिरला, कान लाल.

"इकडे द्या," माधुरी मॅडम म्हणाल्या.

कोणी काही म्हणायच्या आत त्या टमरेल घेऊन वर पोचल्या, आत गेल्या आणि दार लागलं. कडीचा आवाज आला. तीस माणसं निळ्या दाराकडे टक लावून उभी. आत पाणी नाही, खड्डा नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कोणी खोकलंसुद्धा नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली.

आतून आवाज आला, "अहो, सगळ्यांनी तिकडे तोंड करा ना!"

तीस माणसांनी एकदम पाठ फिरवली. भिंतीवरच्या कामगारांनीही. मॅडम बाहेर येऊन, नऊ पायऱ्या उतरून, वॉचमनने ओतलेल्या पाण्याने हात धुवेपर्यंत कोणी वळून पाहिलं नाही.

"कडी फार उंच आहे," त्या म्हणाल्या. त्यांचेही कान लाल झाले होते. "मावशी, तुम्ही सांगा. दार कुठे हवं?"

"मागच्या पडवीत. घराचं जोतं अडीच फूट उंच असतंच, मॅडम. पडवीतून गेलं तर वर फक्त चार-पाच पायऱ्या. छत्री नको आणि कोणी बघायला नको. खड्डा लांब करा, पाइप टाका. जुनी माणसं नाक मुरडतील दोन दिवस. मुरडू देत."

"पडवीचं जोतं तीन फूट केलं तर तीनच पायऱ्या," सुबोध पुटपुटला. त्याने खिशातून खडू काढला होता आणि स्वतःच्याच संडासाच्या भिंतीवर तो आकडे मांडत होता.

सही त्या दिवशी झाली नाही. "नवीन ड्रॉइंग आणा, आठवड्याने करते," मॅडम म्हणाल्या. निघताना त्यांनी वनमालाबाईंना आपुलकीने विचारलं, "मावशी, तुमच्या घरी आहे ना सगळी सोय?"

"आहे ना, मॅडम," वनमालाबाई चटकन म्हणाल्या आणि रिकामे कप गोळा करू लागल्या.

दोन दिवस सुबोधने त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी तो कागदाची गुंडाळी घेऊन चहाच्या ओट्यापाशी आला. "मावशी, बसून कडी लावायची तर कुठे लावू?" वनमालाबाईंनी चहाच्या बोटाने जागा दाखवली. तो डाग त्या ड्रॉइंगवर शेवटपर्यंत राहिला, आणि सही त्याच कागदावर झाली.

जुलैत एके सकाळी वनमालाबाईंचा फोन वाजला. पाऊस धो धो कोसळत होता. त्यांनी डोक्यावरचं प्लास्टिक सावरलं आणि फोन कानाला लावला.

"वनमाला, मी काल रात्री जेवलंय गे," जानकीवहिनी नमस्कार-चमत्कार न करताच म्हणाल्या. "भात नि कुळथाची पिठी. दोनदा भात घेतलंय. सकाळी पाणी जोत्याक लागलेला, पण माका काय? पडवेतल्यान तीन पायऱ्यो."

"कडी लागता मां?"

"बसान लावतंय. कोणाक पत्तोसुद्धा नाय." वहिनींच्या आवाजात जो तोरा होता तो वनमालाबाईंनी इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. "तू खंय आसस? केदो गोंधळ तो?"

"लायनीत."

"रेशनच्या?"

पार्कसाइटच्या त्या चाळीत चाळीस खोल्यांना सहा संडास होते, त्यातले दोन पावसात तुंबलेले. वनमालाबाई अकराव्या होत्या. ट्रस्टच्या अंगणातला संडास अजून उभा होता. त्यात आता झाडू आणि बादल्या ठेवत, आणि दारावर तोरणाचा वाळलेला दोरा लोंबत होता.

"नाय, वयनी," त्या म्हणाल्या. "संडासाच्या."

जानकीवहिनी आधी खळखळून हसल्या, मग एकदम थांबल्या.

"चाळीस वर्सां मुंबैत, आणि अजून लायनीत?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "गणपतीक ये गे. चार दिस रव. माझ्याकडे लाईन नाय."

"येतंय," वनमालाबाई म्हणाल्या.

पुढचं दार उघडलं. लाईन एक माणूस सरकली. वनमालाबाईंनी टमरेल पदराखाली नीट घेतलं आणि एक पाऊल पुढे टाकलं.