भाराखाली

पोलादाचं गुंडाळं जमिनीपासून हातभर वर असतानाच त्यानं लिव्हर मागे ओढला आणि भार अधांतरी थांबवला. खाली इशारे देणाऱ्या मामानं, सगळं गोदाम त्याला मामाच म्हणायचं, लाल झेंडी उचलली होती. त्यानं डावा डोळा मिटला, झेंडी लालभडक. मग उजवा मिटला. झेंडी विटलेल्या चिंधीसारखी, आणि मामाच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं.

सोळा वर्षं तो गोदामातली क्रेन चालवत होता, कुठे ओरखडा नव्हता. गेला आठवडाभर मात्र जीव टांगणीला लागला होता. डोळा फिरवला की आत खोलवर ठणकायचं, म्हणून तो सगळी मान वळवून बघायचा. नजरेचं कळलं तर केबिन गेलीच, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

घरी बायकोनं पकडलं.

"अहो, चहा कपात ओता. टेबलाला नको."

"झोप झाली नाही."

"एकाच डोळ्याची राहिली का? मग तोच का चोळताय?"

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊनच गेली. डॉक्टरीणबाईंनी टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवला आणि बाटलीचं लाल झाकण समोर धरलं.

"उजव्यानं सोळा आणे लाल धरा. डाव्यानं किती?"

"चार," तो म्हणाला. मग खरं सांगितलं, "तेही जेमतेम."

"डोळा धड आहे. मागची नस सुजलीय. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून तिच्यावर उठलीय. तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड देऊ. नजर बहुतेकांची परत येते, औषधानं जरा लवकर. पण ही मोठ्या दुखण्याची सुरुवात नाही ना, ते एमआरआय आणि रक्ताच्या तपासण्या सांगतील. तोवर क्रेन नाही. कामावर कळवा."

त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला, "ताप आलाय म्हणून सांग."

तिनं तसंच सांगितलं.

सलाईन सुरू झालं तशी तोंडात लोखंडाची चव आली, झोप उडाली. तो पलंगावर पडून एकेक डोळा मिटून छताचा पंखा न्याहाळायचा. डाव्या डोळ्याला पाती दिसायचीच नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. एमआरआयमध्ये मेंदू स्वच्छ होता. रक्ताचा रिपोर्ट यायचा होता. बायकोनं तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. पंख्याच्या जागी आज काहीतरी फिरल्यासारखं वाटत होतं, पण ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल अशी भीती वाटली.

दुपारी मामा आला. दारातच उभा राहिला.

"ताप कसा आहे?"

"उतरलाय."

मामा सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिला. "आठवडाभर तू भार खाली घ्यायला लागलास की मी सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे लोटत होतो. मामा भित्रा झाला म्हणून हसायचे."

त्याच्या हातातली सुई एकदम टोचायला लागली. "तुम्हाला कळलं होतं?"

"सोळा वर्षं बघतोय तुझा हात. कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." मामानं घसा खाकरला. "आज सकाळी साहेबांना सांगून आलो. आधी तुला सांगायचं होतं. धीर झाला नाही."

बायको ताडकन उठली. त्यानं मोकळ्या हातानं तिला थांबवलं. राग येईल असं त्यालाही वाटलं होतं. आला तो लांबलचक श्वास, कितीतरी दिवस आत अडकून पडलेला.

"सगळे भिंतीशी होते," त्यानं विचारलं, "मग भाराजवळ कोण असायचं?"

"कोण असणार. इशारा द्यायला कोणीतरी हवंच ना."

मग त्यानं पाय आखडून घेतले आणि पलंगाच्या कडेला मामापुरती जागा केली.