पडद्यावर पाच

हिमजाला आधी हसू आलं. विशाखापट्टणमच्या त्यांच्या छोट्या कंपनीत शेजारी बसणाऱ्या श्रीकरनं कोळंबीच्या तळ्यावर लावायच्या पेटीला बारा मिनिटांची विश्रांती सांगितली, आणि पडद्यावर नुसता एक उमटला. "तुझ्या पेटीला दोन आकडे झेपत नाहीत का गं?" तो म्हणाला. तिनं पेटीच्या पोटात काय आहे ते पाहिलं. तिथं एक नव्हता, एकोणपन्नास होते. मग तिनं पाच घालून पाहिले. पडद्यावर पाच, पोटात त्रेपन्न. तिचं हसू पळालं.

पेटीचं काम साधं. तळ्यातली चाकं वीस मिनिटं फिरवून पाण्यात हवा घालायची, मग पाच मिनिटं मोटारीला विसावा द्यायचा. हा पाच फोनवरून मजकूर म्हणून येतो, त्याची संख्या करून घ्यावी लागते. काल जागा वाचवण्याच्या नादात हिमजानं संख्येसाठी सगळ्यात लहान खण निवडला, एका बाइटचा. तिच्या प्रोग्रॅमच्या भाषेत एवढ्याशा खणात अक्षरं राहतात. तिनं पाच हे अक्षरच समजून आत ठेवलं, आणि अक्षरांच्या यादीत त्याचा क्रमांक त्रेपन्न, म्हणजे विसावाही त्रेपन्न मिनिटांचा. पडद्यावर लिहितानाही अक्षर म्हणूनच लिहिलं, म्हणून पाच दिसला. चाचणीत हिमजानं पडदाच तेवढा पाहिला होता. ऑफिसच्या टेबलावर चाक कुठून असणार?

आणि आज सकाळीच तिनं हा प्रोग्रॅम भीमवरमजवळ सुब्बराजूंच्या तळ्यावर धाडला होता. सुब्बराजू तिचे सख्खे मामा, तिचे मावय्या. पहिली पेटी त्यांनीच हौसेनं बसवून घेतली. चाकाचा आवाज थांबला की झोपेतून ताडकन उठणारा हा माणूस आज पेटीच्या भरवशावर राजमंड्रीला लग्नाला गेला होता. कोळंबी काढणीला आलेली, आभाळ भरलेलं, वारा पडलेला. अशा दिवशी चाकं तासभर थांबली तर तळं गुदमरतं.

शून्य पाठवावं, तर त्याचे अठ्ठेचाळीस होणार. जुना प्रोग्रॅम पाठवावा, तर विश्रांतीत पेटी झोपते, कुणाचं ऐकत नाही. तसं ठरवलंही हिमजानंच. आता तळ्यावरच्या माणसाचाच काय तो आधार होता. तिनं मामीला फोन लावला.

"अत्तम्मा, चाकं फिरतायत का?"

"नाही गं. पण पेटीवर पाच आहे. फिरतील की आता."

"पेटीकडं बघू नका. पाण्याकडं बघा."

पलीकडं बांधावर पावलं वाजली.

"वर आलीय," अत्तम्मांचा आवाज उतरला. "कोळंबी कडेला येऊन तरंगतेय गं."

चाकं हातानं चालू करायचं जुनं बटण असतं तर एका बोटाचं काम होतं. पण पेटी बसवताना हिमजानंच हट्ट धरला होता, आता कशाला हवी ती अडगळ म्हणून. मावय्यांनी 'काढलं गं बाई' असं सांगितलंही होतं. आता पेटी उघडून तारा जोडायला सांगायचं, तर बाईमाणूस ओल्या बांधावर, अनवाणी. कोळंबी वाचवता वाचवता मामीच जायची.

"अत्तम्मा, तारांना हात लावू नका. शेजारच्या कुणाला तरी—"

"तारा कशाला? थांब."

काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग खटका. आणि मग चाकं पाणी घुसळू लागली. फोनमधून तो धबधबा हिमजाला स्पष्ट ऐकू आला.

"बटण आहे?"

"खाद्याच्या पोत्यांमागं. तुला वाईट वाटेल म्हणून काढलं म्हणाले. तुला कळलंय हे बोलू नकोस, लाजतील बिचारे."

काही कोळंबी मेली होती, बरीचशी जगून पुन्हा खाली गेली. पेटीला हात लावू नका, बटण चालूच ठेवा, असं बजावून हिमजानं मावय्यांना फोन लावला. मागं सनई वाजत होती. ते आधी शेजारच्या पाहुण्याशीच बोलले.

"हीच ती माझी भाची. हिची पेटी आहे म्हणून तर इथं निवांत जेवतोय." मग फोनमध्ये, "बोल गं तल्ली, बोल बाळा."

"मावय्या," हिमजा म्हणाली, "हात धुऊन जरा बाहेर या."