बिनपावलांची पाहुणी

नईममास्तरांची नजर शुगरनं नेली, तरी ब्रह्मपुरीत त्यांना आंधळा म्हणायची कुणाची टाप नव्हती. दाराशी पाऊल वाजलं की ते आतूनच नाव सांगत. शेजारच्या अन्नपूर्णाबाईंची डावी चप्पल फरफटायची. दूधवाला उंबऱ्याला बूट आपटल्याशिवाय आत येत नसे. आणि वैनगंगेपलीकडच्या जंगलातून आठवडी बाजाराला येणारा जंगू दारात आल्याबरोबर खांद्यावरचं पोतं खाली टेकवून मोठा सुस्कारा टाकायचा. "ये जंगू, पाणी घे," असं मास्तर म्हणाले की तो दरवेळी हसायचा.

जंगूच्या लग्नाचा कोट मास्तरांनी शिवला होता, तेव्हापासूनची ही दोस्ती. तेव्हा मास्तर वडशाच्या नाटक कंपन्यांचे पोशाख शिवत. दिवाळी झाली, मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रा-नाटकांचे दिवस आले की मशीन उचलून वडशाला जायचे आणि थंडीभर तालमीच्या घरातच राहायचे. राजाचा अंगरखा, राणीचा शालू, खलनायकाचं काळं जाकीट, सगळं त्यांच्या हातचं. नजर गेली आणि ते सुटलं. मग बायको खुर्शीदाही गेली, आणि घरात मास्तर एकटे उरले.

मुलगी नाहीद चंद्रपूरला एका दवाखान्यात नर्स होती. पावसाळ्यात मास्तर न्हाणीत घसरले आणि अन्नपूर्णाबाई जेवणाचा डबा घेऊन येईपर्यंत तिथंच ओल्यात पडून राहिले. नाहीद धावत आली. "एक तं माझ्यासंग चला, नाई तं मी देतो ते घरात ठेवा," म्हणाली, आणि तिनं एक गोल डबी आणून फळीवर ठेवली. आवाजावर चालणारा स्पीकर होता तो. ठरलेलं नाव घेऊन हाक मारली की डबी बोलायची. नमाजची वेळ सांगायची, बातम्या ऐकवायची, कव्वाली लावायची, नाहीदला फोन जोडून द्यायची.

"अन् बाकीच्या वेळी काय करते ही?" मास्तरांनी विचारलं होतं.

"काईच नाई, अब्बा. नाव घेतल्याबिगर ती आयकत नाई."

मास्तरांना डबी आवडली. ती कधीमधी आपोआपच 'टुंग' करायची, पण नवी वस्तू आहे, करत असेल, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

दसऱ्यानंतरच्या बाजाराला जंगू आला तेव्हा मास्तरांच्या पोटात गोष्ट मावत नव्हती. वडशाच्या नाटक कंपनीच्या मुखरूभाऊंचा फोन आला होता. कंपनीत शिवणाऱ्या नव्या पोरी होत्या, मशीन चालवायच्या, पण अंगरख्याची कळी, म्हणजे घेराची तिरकी पट्टी, कशी धरायची ते त्यांना येत नव्हतं. 'मास्तर, थंडीभर इथी या. तुम्ही सांगा, त्या शिवतील.'

"मंग जा ना!" जंगू म्हणाला.

"जातोच. कापड काय डोयानं कळते? बोटानं कळते." मास्तरांनी आवाज खाली आणला. "पन नाहीदले सांगजो नोको. ती जाऊ नाई देणार. तिथी गेल्यावर मीच सांगीन."

"मी कायले सांगतो?" जंगूनं मधाची बाटली त्यांच्या हातात दिली आणि बाजाराला गेला.

त्या आठवड्यात मास्तरांनी जुनी कात्री शोधून तिला धार लावून आणवली. एकट्यानं बसल्या बसल्या ते खुर्शीदाशी बोलत, तसे बोललेही, "तू असतीस तं आता माझी पेटी भरून दिली असतीस." आणि मग मुखरूभाऊंचा पुन्हा फोन आला.

"मास्तर, यंदा राहू द्या. पोरीले तुमची कायजी वाटते."

"कोन्या पोरीले?"

"तुमच्याच. नाहीदचा फोन आला होता. म्हने, अब्बाले बोलावू नोका, तिथी पडले-बिडले तं कोन पाहीन?"

मास्तरांनी फोन ठेवला. ही गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती.

पुढच्या बाजाराला जंगूनं पोतं टेकवलं, पण आतून पाणी घ्यायला कुणी बोलावलं नाही.

"तूनं नाहीदले सांगतलं," मास्तर म्हणाले.

"मी? मी तिले काईच नाई सांगतलं."

"मंग भिंतीनं सांगतलं? तुझ्याशिवाय कोनाले ठाव होतं? एवढ्या सालाची दोस्ती, अन् तूनं असं करावं? बेइमान हायस तू."

जंगूनं पोतं उचललं आणि निघाला. त्याची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत मास्तरांना ऐकू आली. त्यानंतरचे बाजार आले आणि गेले. जंगू आला नाही.

एका दुपारी अन्नपूर्णाबाई डबा घेऊन आल्या. मास्तर खाटेवर गप्प बसले होते. फळीवर 'टुंग' झालं.

"मास्तर, ही डबी हिरवी काऊन होऊन राह्यली? कोनाशी बोलून राह्यले का तुम्ही?"

"हिरवी?"

"हो ना. वरतून हिरवा उजेड फिरून राह्यला गोल गोल. जंगूभाऊ बसले होते ना मागं, मधाची बाटली घेऊन, तवाबी अशीच झाली होती. मले वाटलं, तुमाले ठाव असन."

मास्तरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं आणि कान दिला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. आणि तरीही कुठेतरी लांब, फरशीवरून लोखंडी गाडी ढकलत नेल्यासारखी चाकं वाजत होती. दवाखान्यात वाजतात तशी. ती डबीतून वाजत होती.

"नाहीद?" मास्तर म्हणाले. "बेटा, तू हायस का इथी?"

चाकं लांब गेली. मग अगदी जवळून, भिजलेल्या आवाजात उत्तर आलं, "हो, अब्बा."

मास्तर उठले. फळी चाचपत वायर शोधली आणि ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी नाहीद सकाळच्या एसटीनं आली. या खेपेला तिची पावलं अंगणातच थांबली. मास्तरांनीच हाक मारली तेव्हा ती आत आली.

"तुम्ही फोन नाई उचलला की माझ्या हातातलं काम सुटते, अब्बा," ती म्हणाली. "तुम्ही न्हाणीत पडलेले दिसता मले. मंग मले मोबाइलमदी दिसलं की तुम्ही फोन नाई घेतला तरी डबीतून घरातलं आयकू येते. पहिल्यांदा फक्त तुमचा श्वास आयकला अन् बंद केलं. मंग सवय लागली."

"दिवा लागते म्हने हिचा. समोरच्याले कळावं म्हनून."

"हो."

"मले दिवा दिसते का?"

नाहीदनं फळीवरची डबी उचलून खाली ठेवली.

"खोलीत कोन हाय, हे मले पावलानं कळते. तेवढंच राह्यलं हाय माझ्यापाशी. अन् तू बिनपावलांची आली, बेटा. तुह्यामुळं मी जंगूले बेइमान म्हनलो. तो येत नाई आता."

नाहीदला हे माहीत नव्हतं. "जंगूकाकाले?" एवढंच तिच्या तोंडून निघालं आणि ती त्यांच्या पायाशी बसून रडली. मास्तरांचा हात आपसूक तिच्या डोक्यावर गेला. रागावून बसलेल्या बापाचा हात असा जातो, त्याला इलाज नाही.

"आनखी काय हाय हिच्या पोटात?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

नाहीदनं मोबाइल उघडला. नाव घेतल्यासारखं वाटलं तरी डबी ऐकायची आणि ऐकलेलं साठवून ठेवायची. ते या घरात राहत नव्हतं, दूर कुठल्या कंपनीकडे जात होतं. तिनं एक आवाज लावला. मास्तरांचाच आवाज होता. "खुर्शीदा, आज भाजीत मीठ जास्त पडलं. तुले सांगून काय फायदा?"

मास्तरांचा चेहरा उतरला. "हे तूनं आयकलं होतं?"

"हो, अब्बा."

"अन् कंपनीतल्या मानसानंबी आयकलं असन?"

"मले ठाव नाई," ती खरं बोलली.

मग तिनं बसून एकेक आवाज पुसला, यापुढचं साठवणं बंद केलं, न विचारता घरात शिरायची सोयही बंद केली. डबीवर एक बटण होतं, ते दाबलं की तिचे कान बंद होत. नाहीदनं वडिलांचं बोट त्यावर ठेवलं. मास्तरांनी ते दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"आता जंगूकडं चाल," ते म्हणाले.

दोघं काळीपिवळी जीपनं नदी ओलांडून गेले. पुढं सागाच्या रानातून पायवाट होती. मास्तर नाहीदच्या खांद्यावर हात ठेवून चालले. जंगूच्या अंगणात त्याची बायको सोमारी मोहाच्या पानांच्या पत्रावळी लावत होती. तिनं तांब्याभर पाणी पुढं केलं. जंगू ओट्यावरून उठला नाही.

"जंगू, मी चुकलो," मास्तर उभ्यानंच म्हणाले.

"काका, चूक माझी हाय," नाहीद म्हणाली, आणि तिनं डबीची सगळी हकीकत सांगितली.

जंगूनं ऐकून घेतलं. "तू लेकरू हायस, बापासाठी भेली," तो नाहीदला म्हणाला. मग मास्तरांकडे वळला. "पन तू? तू मले इचारलं असतं तं मले वाईट नसतं वाटलं. तू तं इचारलंच नाई, सरळ फैसला सांगतला."

"हो," मास्तर म्हणाले. आणखी काही बोलावंसं त्यांना वाटलं, पण खरं तेवढंच होतं.

कोंबड्या अंगणात टिपत होत्या. मग जंगू बायकोला म्हणाला, "सोमारी, दोघाचं अन्न वाढव." आणि त्यानं मास्तरांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवलं.

मुखरूभाऊंना नाहीदनं स्वतःच फोन केला. पेटी तिनं भरली, आणि वडशाला मास्तरांना पोचवायला जंगू गेला. तालमीच्या घरात मास्तर चटईवर बसून कापड हातावर घेत, कळी धरून दाखवत, पोरी शिवत. डबी ब्रह्मपुरीलाच राहिली. रोज संध्याकाळी नाहीदचा फोन येई.

एकदा राजाचं काम करणाऱ्या आदेशच्या अंगावर अंगरखा चढवून बघता बघता फोन वाजून गेला, आणि मास्तरांच्या ध्यानातच आलं नाही. रात्री त्यांनी तो परत लावून घेतला.

"लय वेळ लागला, अब्बा."

"हो. भेव वाटलं का तुले?"

"वाटलं."

"मंग काय केलं?"

"वाट पाह्यली," नाहीद म्हणाली.

मास्तर चटईवर नीट मांडी घालून बसले आणि अंगरख्याचा खांदा कुठं ओढत होता, तो कसा सोडवला, हे तिला पहिल्यापासून सांगू लागले.