वजन येईना

“देवी कुठं गेली?” हणमंतप्पांनी विचारलं.

पडद्यावर नुसता निळा रंग होता. रोज तिथं येरमाळ्याच्या येडेश्वरीचा फोटो असे. कॉम्प्युटर तोच, टेबल तेच, खुर्चीसुद्धा तीच. मग देवी कुठं गेली हे त्यांना समजेना. दूध संकलन केंद्राचा इंजिनिअर सकाळी येऊन त्यांच्या जागी बसणाऱ्या अयोध्याच्या नावानं कॉम्प्युटरवर नवं खातं काढून देऊन गेला होता. मोटारसायकलवर बसता बसता म्हणाला होता, हे लिनक्स आहे, यात प्रत्येकाचं घर वेगळं असतं, काही अडलं तर फोन करा.

“तुमची देवी तुमच्या खात्यात हाय, आप्पा,” अयोध्या म्हणाली. “हे माजं नवं हाय. म्हणून रिकामं.”

रिकाम्याचं काही नव्हतं. अडलं होतं ते दुसरंच. तिनं पाण्यानं भरलेली बादली वजनकाट्यावर ठेवली. काट्याच्या लाल आकड्यांत वजन दिसलं. कॉम्प्युटरमध्ये मात्र शून्य. बादली काढून पुन्हा ठेवली, तरी शून्य. आप्पांनी आपलं खातं उघडायला लावलं. देवी आली, आणि वजनही आलं. परत अयोध्याचं उघडलं. शून्य.

वायर तीच होती. वायरीला नावं वाचता येत नाहीत, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी ती काढून फुंकर मारून पुन्हा खोचली.

कॉम्प्युटर आला तेव्हापासून केंद्रावर त्यांचंच नाव चाले. प्रत्येक पावतीच्या तळाशी ‘हणमंतप्पा’ छापून येई आणि ते बघूनच लोक पावती खिशात घालत. मोतीबिंदू काढल्यावरही त्यांना आकडे हललेलेच दिसत राहिले, दोनदा दुधातलं फॅट चुकीचं वाचलं गेलं, तेव्हा त्यांनी स्वतःच कमिटीसमोर जाऊन आता जमत नाही म्हणून सांगितलं. आणि विचारलं नसताना हेही सांगितलं, की मेंढपाळ बिराप्पाची सून अयोध्या बारावी सायन्स शिकलेली आहे, ती सांभाळेल. चेअरमन बसप्पांच्या मनात त्यांचा भाचा होता. पण आप्पांचा शब्द मोडवेना, म्हणून त्यांनी आजच्या संध्याकाळची मुदत घातली होती. यापुढं ज्याच्या हातून काम, त्याच्याच नावानं पावती, असा वरून नवा नियम आला होता. संध्याकाळचं दूध अयोध्याच्या खात्यात मोजून झालं तर ती. नाहीतर उद्यापासून भाचा.

दुपारी बसप्पा डोकावून गेले. पडद्यावरचं शून्य त्यांना दारातूनच दिसलं.

“काय आप्पा, काट्याला बी माणूस वळखू यायलंय की,” ते म्हणाले. “मेंढरं मोजणं अन् दूध मोजणं एकच हाय व्हय?”

अयोध्यानं पदर खोचून घेतला आणि टेबलाखाली वाकली. वायर कुठून कुठं जाते ते ती बोटानं माग काढत बघत होती. आप्पांनी काट्यावरची बादली उगाच जरा सरकवून बघितली. आपल्याच नावाला काटा बोलतो याचं त्यांना सकाळी जरा बरं वाटलं होतं. मग तसं वाटल्याचं काही बरं वाटलं नाही.

त्यांनी इंजिनिअरला फोन लावला. तो कुठल्याशा दुसऱ्या केंद्रावर होता, मागं मोटार चालल्याचा आवाज येत होता. त्यानं अयोध्याला तिच्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा आत यायला सांगितलं. ती बाहेर पडली, आत आली. शून्य. मग त्यानं विचारलं, की दुसरं कुणी आत आहे का, कुणाचं खातं उघडं राहिलंय का.

“दुसरं कुणी न्हाय,” आप्पांनी सांगितलं. “आमीच हाव.”

मग परवानगीचं काही तरी असेल, उद्या येऊन बघतो, म्हणून त्यानं फोन ठेवला. कसली परवानगी, आणि ती कुणी द्यायची, हे विचारायचं राहून गेलं.

“एकदा समदं बंद करून चालू करावं का?” अयोध्यानं विचारलं.

“तेवढं सांगू नको.”

त्याला कारण होतं. कॉम्प्युटर नवा असताना एकदा वीज गेली आणि त्यानंतर तो दोन दिवस उठलाच नाही. मापानं दूध घ्यावं लागलं, भाऊ-भाऊ भांडले, एकानं किटली रस्त्यावर ओतली. तेव्हापासून आप्पांनी इन्व्हर्टर बसवून घेतला होता. रात्री ते फक्त पडदा मालवत, त्यावर पंचा टाकत आणि दाराला कुलूप लावत. आतलं यंत्र चालू ते चालूच.

उन्हं कलली. बाहेर पहिल्या किटल्या वाजल्या. अयोध्या खुर्चीवर बसून होती. बादली काट्यावर तशीच होती, काढायचं भान कुणाला राहिलं नव्हतं. तिनं कंटाळून पुन्हा आप्पांचं खातं समोर आणलं आणि हात तसाच थांबवला.

तिनं काहीच उघडलं नव्हतं. तरी वजनाची चौकट आधीपासून तिथं होती, आणि बादलीचं वजन तीत बसलेलं होतं.

“आप्पा, हे तुमी कवा बंद केलंय का?”

“कशाला बंद करायचं? चालू हाय की चांगलं.”

तिनं चौकटीतला आकडा काट्याच्या आकड्याशी ताडून बघितला. मग खुर्ची थोडी वळवून, त्यांच्याकडं न बघता सांगू लागली. काटा एक, वायर एक. वायरीचं बोलणं एका वेळी एकाच खात्याला ऐकू जात असणार. सकाळपासून ती बादली आपल्या खात्यात ठेवत होती आणि वजन मात्र मागं आप्पांकडं जात होतं. त्यांचं खातं पडद्यावर दिसत नव्हतं, पण मिटलेलंही नव्हतं.

आप्पांना निम्मं कळलं. इंजिनिअरनं दुसरं कुणी आहे का म्हणून विचारलं होतं. आपण दुसरे कसे?

“मग?” त्यांनी विचारलं.

“तुमाला बाहेर निघावं लागंल, आप्पा. तुमचं तुमीच.”

तिनं खुर्ची सोडली. आप्पा बसले. बाहेर पडायचं बटण कुठं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं; कधी कामच पडलं नव्हतं. अयोध्यानं लांबूनच बोटानं दाखवलं. त्यांनी ते दाबलं तेव्हा मध्येच एक चौकट उघडली आणि तिच्यातली अक्षरं हलू लागली.

“काय म्हणतंय?”

“बाहेर पडायचं का, विचारायलंय. उघडं असंल ते बंद होईल म्हणतंय.”

“माजं जुनं समदं?”

“ते राहतंय. कुठं जात न्हाय.”

बाहेर बसप्पांचा आवाज आला. ते कुणाशी तरी हसत होते. नको म्हटलं असतं तर आजचं दूध आप्पांच्याच नावावर निघालं असतं, आणि उद्या भाचा आला असता. आप्पांनी माऊसवरचा हात धोतराला पुसला आणि पुन्हा ठेवला. मग दाबलं.

पडदा काळा झाला. तो इतका वेळ काळा राहिला, की आता हा पुन्हा उठत नाही असं त्यांना वाटलं. मग नाव विचारणारी चौकट आली. ते उठले. अयोध्या बसली, तिनं आपलं नाव घातलं, निळा रंग आला, आणि तिनं वजनाचा प्रोग्राम उघडला.

वजन आलं.

 तिनं बादली उतरवून कोपऱ्यात ठेवली आणि खिडकी उघडली. पहिली सिद्धम्मा होती. ओळीत कायम पहिली येणारी म्हातारी. तिनं किटली काट्यावर टेकवली आणि सवयीनं आप्पांकडं बघून विचारलं, “किती भरलं, आप्पा?”

“तिला इचारा.”

अयोध्यानं आकडा सांगितला. पावती फाडून दिली. सिद्धम्मानं ती उलटसुलट करून बघितली, कमरेला खोचली आणि निघाली. बसप्पा खिडकीशी थोडा वेळ घुटमळले. मग मोबाईलवर बोलत रस्त्याला लागले.

खोलीत खुर्ची एकच होती. आप्पा आधी तिच्या मागं उभे राहिले, मग फॅट मशीनपाशी. तिथं अयोध्याला हात घालायला अडचण होऊ लागली. ते बाहेर आले. इतक्या वर्षांत त्यांनी ही ओळ आतूनच बघितली होती. ती बाहेर कुठवर जाते, कुठं वळते, याचा त्यांना अंदाज नव्हता. ओळ संपते तिथं, लिंबाखाली ते उभे राहिले.

थोड्या वेळानं मेंढरं वाड्यात घालून अयोध्याचा सासरा बिराप्पा आला आणि किटली घेऊन त्यांच्या मागं थांबला. पुढची माणसं सरकली.

“आप्पा, सरका की,” बिराप्पा म्हणाला.

आप्पांनी वळून त्याच्याकडं बघितलं, आपल्या रिकाम्या हातांकडं बघितलं, आणि ते एक पाऊल पुढं सरकले.